गणपती सोडून डॉलिस हिलला कोण जातं?

लंडनला नव्याने आलेली आपली मंडळी वर्षातून एकदा डॉलिस हिलला हमखास जातात. महाराष्ट्र मंडळाचं भवन तिथे, डॉलिस हिल लेनवर. १९३२ सालापासूनचं मंडळ आहे, त्यामुळे गणपतीत गर्दी असतेच. आरती, प्रसाद, चार ओळखी, पार्किंगवरून थोडी चिडचिड, आणि उबर बोलावून घरी. मग उरलेलं वर्षभर सुट्टीच्या दिवशी कुठे जायचं, तर लंडन आय, बिग बेन आणि ऑक्सफर्ड स्ट्रीट. गावाकडून पाहुणे आले की तेच परत.

वेम्बली, हॅरो, किंग्जबरी या पट्ट्यात राहणाऱ्यांनी एक रविवार तरी डॉलिस हिल आणि नीसडनला द्यावा, असं मी प्रत्येक नव्या कुटुंबाला सांगते. तोंडावर हसतात. नीसडन म्हणजे नॉर्थ सर्क्युलर या मोठ्या रस्त्यावरचा ट्रॅफिक, एवढंच सगळ्यांना माहीत. इंग्रज लोकसुद्धा या नावाची पिढ्यान्‌पिढ्या चेष्टा करत आलेत. या उपेक्षेला एक साधं कारण आहे, ते गाडीत बसल्यावर कळतं. वेम्बली पार्कहून मेट्रोपॉलिटन लाइन पकडली तर पुढचं स्टेशन थेट फिंचली रोड. नीसडन, डॉलिस हिल, विल्सडन ग्रीन ही स्टेशनं खिडकीतून नुसती पळताना दिसतात. म्हणून जायचं ते जुबिली लाइनने. नीसडन पहिलंच, डॉलिस हिल दुसरं. तुम्ही डॉलिस हिललाच उतरा, म्हणजे चढ आधी उरकतो आणि दुपारी पाय दुखायला लागले की उतार लागतो.

निघण्यापूर्वी दोन गोष्टी बघून घ्या. सुट्टीच्या दिवशी रुळांच्या कामासाठी ट्यूब बंद ठेवतात, ते आदल्या रात्री टीएफएलच्या, म्हणजे लंडनची वाहतूक चालवणाऱ्या संस्थेच्या, अ‍ॅपवर बघायचं. आणि वेम्बली स्टेडियमला त्या दिवशी मॅच किंवा मोठा कार्यक्रम असेल तर बेत सरळ पुढच्या आठवड्यावर ढकला. वेम्बली पार्कच्या जिन्यावर बाबागाडी घेऊन गर्दीत अडकणं काय असतं, ते मुद्दाम अनुभवण्यासारखं नाही.

स्टेशनपासून ग्लॅडस्टन पार्क पायी थोड्याच अंतरावर. पार्काच्या खालच्या भागातून मालगाड्यांची रेल्वेलाइन जाते, तिच्यावरचा पूल ओलांडून वर चढायचं. टेकडी म्हणण्याइतकी मोठी नाही, पण माथ्यावर गेलात की वेम्बलीची कमान समोर दिसते आणि आपलं घर साधारण कुठे आलं याचा अंदाज येतो. नकाशावर लंडन कळत नाही, इथून जरा कळतं.

माथ्यावर पूर्वी डॉलिस हिल हाउस नावाचा वाडा होता. चार वेळा ब्रिटनचा पंतप्रधान झालेला विल्यम ग्लॅडस्टन तिथे लॉर्ड अ‍ॅबरडीनचा पाहुणा म्हणून येऊन राहायचा. १९०१ साली पार्क लोकांसाठी खुला झाला तेव्हा त्याचंच नाव दिलं. त्याच्या आदल्या वर्षी, १९०० च्या उन्हाळ्यात, मार्क ट्वेन याच घरात सहकुटुंब राहिला होता आणि जागेवर बेहद्द खूश होता. पुढे आगी लागल्या, दुरुस्तीच्या नुसत्या चर्चा झाल्या, आणि २०१२ मध्ये घर पाडून टाकलं. भिंतींनी वेढलेली जुनी बाग मात्र अजून आहे. तिथल्या बाकावर डबा उघडून बसा, कोणी काही म्हणत नाही. पोळीभाजीचा वास आला तर शेजारचा माणूस फार तर विचारेल काय आहे म्हणून.

ग्लॅडस्टन या नावाची दुसरी बाजू पार्कात फिरताना सहसा कोणी सांगत नाही. विल्यमचे वडील जॉन ग्लॅडस्टन यांचे डेमेरारात, म्हणजे आजच्या गयानात, उसाचे मळे होते आणि त्यावर शेकडो गुलाम राबत. गुलामगिरी कायद्याने बंद झाल्यावर मजूर आणायचे कुठून, म्हणून त्यांनी कलकत्त्याच्या एका व्यापारी पेढीकडे विचारणा केली. १८३८ साली ‘व्हिटबी’ आणि ‘हेस्पेरस’ या दोन जहाजांतून हिंदुस्थानातली माणसं करारावर तिकडे पोचली. कॅरिबियनकडे गेलेल्या हिंदी गिरमिटियांची ती पहिली खेप. आपली त्यांच्याशी तुलना नको, आपण पगार ठरवून विमानाने आलो. पण इथून बसने थोडं पुढे, हार्ल्सडनच्या बाजूला, एखादे गयानीज आजोबा भेटले आणि आडनाव सिंग किंवा परसाद निघालं, तर ‘इंडियात कुठले?’ असा प्रश्न लगेच फेकू नका. त्यांचं गाव डेमेरारा.

पार्कात फ्रेड कॉर्मिसने केलेला शिल्पसमूह आहे, तो चुकवू नका. १९६९ सालचा. युद्धकैदी आणि छळछावण्यांचे बळी यांच्या स्मरणार्थ केलेल्या पाच मानवी आकृत्या. कॉर्मिस स्वतः पहिल्या महायुद्धात सैबेरियात कैदी होता आणि जर्मन ज्यू असल्यामुळे पुढे त्याला देश सोडून लंडनला यावं लागलं. आकृत्यांसमोर एकेक करत उभं राहा. मुलं विचारतील ही माणसं अशी का, तेव्हा उत्तर तयार ठेवा. इथल्या शाळेत दुसरं महायुद्ध लवकर शिकवतात, आपल्यालाच उजळणी करावी लागते.

पार्काच्या वरच्या अंगाला डॉलिस हिल लेन. ती ओलांडून ब्रुक रोडला लागलात की विटांची एक लांबलचक भारदस्त इमारत दिसते. आता तिथे फ्लॅट आहेत. आयटीवाल्यांनो, चपला काढायच्या असतील तर इथे काढा. हे पोस्ट ऑफिसचं जुनं संशोधन केंद्र. टॉमी फ्लॉवर्स नावाच्या इंजिनिअरने, एका गवंड्याच्या मुलाने, १९४३ मध्ये इथे ‘कोलॉसस’ उभा केला. जर्मन सेनापतींचे सांकेतिक संदेश फोडायला मदत करणारा इलेक्ट्रॉनिक संगणक, सुमारे १६०० व्हॉल्व्ह, म्हणजे काचेच्या इलेक्ट्रॉनिक नळ्या, असलेला. इतके व्हॉल्व्ह एकत्र नीट चालणारच नाहीत, सारखे उडतील, असं जाणकारांचं मत होतं. फ्लॉवर्सला टेलिफोन एक्स्चेंजच्या कामातून ठाऊक होतं की व्हॉल्व्ह सारखे चालू-बंद केले नाहीत तर फारसे उडत नाहीत. १९४४ च्या जानेवारीत यंत्र ब्लेचली पार्कला, शत्रूचे सांकेतिक संदेश फोडण्याच्या केंद्रात, रवाना झालं आणि युद्ध संपेपर्यंत अशी दहा यंत्रं कामाला लागली. मग सगळं गुपित. सत्तरच्या दशकापर्यंत या माणसाला आपण काय केलं हे सांगायची मुभाच नव्हती. जवळच ‘फ्लॉवर्स क्लोज’ नावाची गल्ली आहे. पाटी वाचून लोकांना वाटतं, फुलांवरून ठेवलं असेल.

याच परिसरात जमिनीखाली ‘पॅडॉक’ आहे, चर्चिलच्या युद्धमंत्रिमंडळासाठी बांधलेला राखीव बंकर. ३ ऑक्टोबर १९४० ला तिथे एक बैठक झाली, चर्चिलला जागा पसंत पडली नाही, आणि पुढे फारसा वापर झालाच नाही. वर्षातून मोजकेच दिवस तो उघडतात, त्यामुळे तारीख शोधून आधी नाव नोंदवावं लागतं. ओल असते, जुने बूट घाला.

इथून पूर्वेला चालत गेलात तर एजवेअर रोड लागतो. मूळचा रोमनांचा रस्ता, म्हणून तर इतका सरळ. तिथवर नाही गेलात तरी चालेल, पण घर शोधत असाल तर लक्षात ठेवा: या रस्त्याच्या अलीकडे ब्रेंट कौन्सिल, पलीकडे बार्नेट. समोरासमोरच्या घरांचा कौन्सिल टॅक्स वेगळा, कचऱ्याचे दिवस वेगळे, शाळाप्रवेशाचा अर्ज वेगळ्या ऑफिसात. एजंट हे आपणहून सांगेलच असं नाही. भाड्याच्या पाट्या वाचत चालायची सवय लावून घ्या. विल्सडन ग्रीनच्या मानाने या बाजूला भाडं सहसा कमी पडतं, आणि गाडी असेल तर पार्किंगचं परमिट कोणत्या तासांना लागतं ते खांबावरच लिहिलेलं असतं.

मग उतरत नीसडनला. भुयारी मार्गाने आणि रुंद रस्त्याने या जुन्या वस्तीचे तुकडे केलेत, ते पायी चालताना फार जाणवतं. दुकानांची रांग साधीच आहे. इथे वेळ घालवू नका, भाजी मात्र बघा.

नॉर्थ सर्क्युलरजवळच स्वामिनारायण मंदिर. १९९५ साली उघडलं. बल्गेरियाचा चुनखडीचा दगड आणि इटलीचा संगमरवर जहाजाने हिंदुस्थानात नेला, तिथे कारागिरांनी कोरला, आणि २६,३०० तुकडे क्रमांक घालून इथे आणून जोडले. मंदिरात लोखंडी सांगाडा नाही. बहुतेक लोक दर्शन घेऊन लगेच फिरतात. तुम्ही मंदिराला लागून असलेल्या हवेलीत थांबा. तिथलं लाकूडकाम, सागवान आणि ओकवरचं, जवळ जाऊन बघा. गुडघ्यावरच्या चड्ड्या चालत नाहीत, मोठ्या बॅगा आत नेऊ देत नाहीत, आणि मूर्तींचं दर्शन ठरावीक वेळेतच असतं, तेव्हा वेळ बघून या. समोर शायोना या उपाहारगृहात कांदा-लसूण नसलेलं जेवण मिळतं. मला विचाराल तर फरसाण घ्यावं आणि जेवण घरी करावं, पण मुलं ऐकणार नाहीत.

परतीला १८२ नंबरची बस वेम्बलीवरून हॅरोकडे जाते. बसमध्ये रोख पैसे घेत नाहीत, कार्ड फक्त चढताना टेकवायचं, उतरताना नाही. तासाभराच्या आत दुसरी बस धरली तर वेगळं भाडं लागत नाही. अकरा वर्षांखालच्या मुलांना बस फुकट, ट्यूबही मोठ्यांबरोबर फुकट. डिसेंबरात चार वाजायच्या आत अंधार पडतो, तेव्हा हा फेरा मार्च ते ऑक्टोबरमध्ये करा. वेल्श हार्पचा तलाव याच दिवशी उरकायचा मोह होईल, कारण तो जवळच आहे. तो वेगळ्या रविवारी, सकाळी, दुर्बीण आणि चिखलात चालणारे बूट घेऊन. मोठ्या तुरेवाल्या पाणडुब्या वसंतात तिथे जोडीने नाचतात, त्यांना घाईचे पाहुणे चालत नाहीत.