मोबाईलच्या कॅलेंडरात गोव्याच्या सुट्ट्या कशा घालाव्यात

मोबाईलमध्ये भारताच्या सुट्ट्या सुरू करणं दोन मिनिटांचं काम आहे. गूगल कॅलेंडर ॲपमध्ये तीन आडव्या रेघांवर टिचकी मारा, सेटिंग्जमध्ये 'हॉलिडेज' उघडा आणि भारत निवडा. फक्त सार्वजनिक सुट्ट्या हव्यात की इतर दिनविशेषही, हेही तिथेच ठरवता येतं. मी फक्त सुट्ट्याच ठेवते, नाहीतर रोज कुठला ना कुठला दिन उगवतो आणि आपलं काम त्याखाली दडतं. आयफोनवाल्यांसाठी कॅलेंडर ॲपमध्ये खाली 'कॅलेंडर्स', मग 'ॲड कॅलेंडर' आणि 'ॲड हॉलिडे कॅलेंडर'.

पण ही यादी सगळ्या देशाची. आपल्याला हवी असते 3 डिसेंबरची जुन्या गोव्याच्या फेस्ताची (सेंट फ्रान्सिस झेवियरच्या सणाची) सुट्टी, 19 डिसेंबरचा मुक्तिदिन आणि मुख्य म्हणजे चवथीचा दुसरा दिवस. गावच्या घरी दीड दिवसाचा गणपती असेल, तर विसर्जन त्याच दुसऱ्या दिवशी. त्या तारखेला कुणी पणजीत मीटिंग लावली, तर कॅलेंडर चूप बसतं. म्हणून गोव्याचं कॅलेंडर आपणच करायचं.

त्यासाठी संगणकावर बसा. ब्राउझरमध्ये कॅलेंडर उघडा, डावीकडे 'अदर कॅलेंडर्स'शेजारच्या अधिक चिन्हावर क्लिक करून 'क्रिएट न्यू कॅलेंडर' निवडा. नाव द्या 'गोवा सुट्ट्या'. आपल्या नेहमीच्या कॅलेंडरात सुट्ट्या ओतू नका. का, ते पुढे येतंच.

आता राज्य सरकारची अधिसूचना समोर घ्या. दरवर्षीची यादी राजपत्रात येते. व्हॉट्सॲपवर फिरणाऱ्या रंगीत चित्रावर विसंबू नका, त्यात सरकारी आणि बँकांच्या सुट्ट्यांची खिचडी असते. बँकेत काम असणाऱ्यांनी दुसरा आणि चौथा शनिवारही धरावा.

यादीचे दोन ढीग करा. पहिला पक्क्या तारखांचा: 26 जानेवारी, 1 मे, 15 ऑगस्ट, 2 ऑक्टोबर, 3, 19 आणि 25 डिसेंबर. हे एकेक करून टाका, 'ऑल डे'वर खूण करा आणि दरवर्षी पुनरावृत्ती लावा. आयुष्यभराचं काम झालं.

दुसरा ढीग तिथीचा आणि चंद्राचा: पाडवा, चवथ, दिवाळी, ईद. गुड फ्रायडेही दरवर्षी हलतो, म्हणून तोही इथेच. यांना पुनरावृत्ती चुकूनही लावू नका. 2025 मध्ये चवथ 27 ऑगस्टला होती. 2026 मध्ये अधिक ज्येष्ठ आल्यामुळे ती 14 सप्टेंबरला गेली. पुनरावृत्ती लावली असती, तर कॅलेंडरने श्रावणातच माटोळी (गणपतीवरची फळाफुलांची सजावट) बांधायला लावली असती! ईदच्या नावापुढे मी 'चंद्रदर्शनावर' असं लिहून ठेवते.

हा दुसरा ढीग एकदम भरायचा असेल तर गूगल शीटमध्ये दोन रकाने करा. पहिल्या ओळीत 'सब्जेक्ट' आणि 'स्टार्ट डेट' ही शीर्षकं, पण इंग्रजी लिपीत. खाली नावं मराठीत चालतात. फाईल सीएसव्ही म्हणून उतरवा, त्याच अधिक चिन्हाखालच्या 'इंपोर्ट'मध्ये चढवा आणि कुठल्या कॅलेंडरात जायचं तिथे 'गोवा सुट्ट्या' निवडायला विसरू नका.

तारीख मात्र अमेरिकन पद्धतीने, आधी महिना. पहिल्या वर्षी मी उत्साहात पक्क्या तारखाही शीटमध्येच भरल्या आणि फेस्तासमोर आपल्या सवयीने 03/12/ असं लिहिलं. फेस्त जाऊन बसलं 12 मार्चला. मला कळलं केव्हा, तर मार्चमध्ये सकाळी मोबाईलने सुट्टी असल्याचं सांगितलं आणि बाहेर शाळेची बस उभी होती. वर हे सगळं मी मुख्य कॅलेंडरात चढवलेलं. इंपोर्ट एका झटक्यात मागे घ्यायची सोय नाही, त्यामुळे दातांच्या डॉक्टरच्या भेटी आणि विजेच्या बिलांच्या मधून एकेक सुट्टी वेचून काढत बसले. वेगळं कॅलेंडर असतं, तर अख्खं पुसून पुन्हा चढवता आलं असतं.

झालं की मोबाईलच्या ॲपमध्ये 'गोवा सुट्ट्या'समोर खूण आहे ना, बघा. दिसत नसेल तर सेटिंग्जमध्ये त्या कॅलेंडरचं सिंक सुरू करा.

गावची जत्रा आणि सांजांव (सेंट जॉनचा सण) यात घालू नका. सुट्टी नसली तरी घरी जायचंच असतं, पण त्यासाठी रजा टाकावी लागते. त्यांचं तिसरं कॅलेंडर केलंत आणि वेगळा रंग दिलात, तर रजेचा अर्ज कधी करायचा तेही दिसतं. हे तिसरं मी पुण्यातल्या भावाला फक्त पाहण्याच्या परवानगीने शेअर केलंय. बदलायची परवानगी मुद्दामच दिलेली नाही, नाहीतर तो जत्रा स्वतःच्या सोयीने रविवारी ढकलेल.