मॉनिटर जोडला आणि अक्षरं धुरकट? रिझोल्युशनला हात लावू नका

लॅपटॉपला मोठा मॉनिटर जोडला की पहिली तक्रार ठरलेली, अरे अक्षरं केवढी बारीक दिसतायत. मग आपण सेटिंग्जमध्ये जाऊन रिझोल्युशन १९२० बाय १०८० चं १३६६ बाय ७६८ करतो, अक्षरं होतात मोठी पण सगळं धुरकट, आणि खापर मॉनिटरवर. मीही हे केलंय, दोन आठवडे डोळे चोळत बसलो होतो.

होतं काय, की मॉनिटरमध्ये पिक्सेल, म्हणजे चित्राचे बारीक ठिपके, मोजून बसवलेले असतात, फुल एचडी असेल तर आडवे १९२०च. तुम्ही १३६६ पाठवले तर त्याला एकेक पिक्सेल साधारण १.४ पिक्सेलवर पसरवावा लागतो आणि अर्धामुर्धा पिक्सेल काही पेटत नाही, म्हणून अक्षरांच्या कडा पुसट होतात. तर रिझोल्युशन जिथे रेकमेंडेड लिहिलंय तेच ठेवायचं, विषय संपला. अक्षरं लहानमोठी करायला स्केल आहे ना.

विंडोजमध्ये डेस्कटॉपवर राइट क्लिक, डिस्प्ले सेटिंग्ज, वर १ आणि २ असे चौकोन दिसतील. कुठला कुठला ते कळत नसेल तर आयडेंटिफाय दाबा, स्क्रीनवर आकडा येतो. आधी मॉनिटरचा चौकोन निवडा आणि मगच खाली स्केल बदला, नाहीतर लॅपटॉपचंच बदलतं आणि आपण म्हणतो काही होतच नाही. २४ इंची फुल एचडीला १०० टक्के ठीक, २७ इंची फोरकेला (३८४० बाय २१६०) १५० पासून सुरू करा, त्यात जागा २५६० बाय १४४० एवढी मिळते पण अक्षरं एकदम कोरीव. १५ इंची फुल एचडी लॅपटॉप बहुतेक वेळा १२५ वर असतो, तो तसाच राहू दे, दोन्हीकडे सारखा आकडा हवा असं काही नाही. कस्टम स्केलिंगच्या, म्हणजे टक्के स्वतः टाइप करायच्या, नादाला मात्र लागू नका, तो आकडा सगळ्या स्क्रीनना लागतो आणि वर साइन आउट करायला लावतो.

एवढं करूनही धुरकट दिसतंय? विंडोज आणि पी दाबून बघा, ड्युप्लिकेट, म्हणजे दोन्हीकडे एकच चित्र, असेल तर तिथेच घोळ आहे, दोन्ही स्क्रीनना झेपेल असं एकच रिझोल्युशन धरलं जातं आणि त्यात चांगला मॉनिटर भरडला जातो. एक्स्टेंड करा, म्हणजे दोन्ही स्क्रीन मिळून एक लांब डेस्कटॉप होतो. मग माउस कडेला अडकायला लागला तर ते दोन चौकोन ओढून, टेबलावर स्क्रीन जशा आहेत तसे लावा.

फोरकेवाल्यांनी केबल बघा. एचडीएमआय १.४ चा पोर्ट असेल तर फोरके ३० हर्ट्झवरच चालतं, म्हणजे चित्र सेकंदाला ३० वेळाच बदलतं, माउस ओढल्यासारखा वाटतो. ६० साठी दोन्ही बाजूंना एचडीएमआय २.० किंवा डिस्प्लेपोर्ट १.२ लागतं. अ‍ॅडव्हान्स्ड डिस्प्लेमध्ये रिफ्रेश रेट दिसतो, तो एकदा बघाच. टाइप सी लावून काहीच दिसत नसेल तर केबल बदलण्याआधी लॅपटॉपचे स्पेक्स वाचा, प्रत्येक टाइप सी पोर्टमधून व्हिडिओ बाहेर येतोच असं नाही, काही नुसते चार्जिंग आणि डेटापुरते असतात.

मॉनिटरऐवजी टीव्ही लावला आणि टास्कबार अर्धा कापला गेला तर ती टीव्हीची सवय, त्याला ओव्हरस्कॅन म्हणतात, टीव्हीच्याच पिक्चर सेटिंगमध्ये जस्ट स्कॅन किंवा स्क्रीन फिट असं काहीतरी असतं ते ऑन करा.

आणि बाकी सगळं छान पण एखादं जुनं अकाउंटिंगचं किंवा डीटीपीचं सॉफ्टवेअरच पुसट दिसत असेल तर त्याच्या ईएक्सई फाइलवर (ज्यावरून ते सुरू होतं ती) राइट क्लिक, प्रॉपर्टीज, कम्पॅटिबिलिटी, चेंज हाय डीपीआय सेटिंग्ज, तिथे खालच्या ओव्हरराइडला टिक करून सिस्टम एन्हान्स्ड निवडा, सॉफ्टवेअर बंद करून परत उघडा. नाही जमलं तर अ‍ॅप्लिकेशन निवडून बघा, अक्षरं स्वच्छ दिसतील पण मुंगीएवढी.