इंजिनची ताकद वाढवताय? आधी ऑइल बेअरिंगपर्यंत पोचतंय का ते पाहा

मोठा टर्बो, इंटरकूलर, ईसीयूचा म्हणजे इंजिनच्या कॉम्प्युटरचा रीमॅप एवढं केलं की ताकद वाढते. पण तो सगळा वाढीव भार शेवटी येतो क्रँक (इंजिनातला फिरणारा मुख्य दांडा) आणि बेअरिंग यांच्यातल्या ऑइलच्या थरावर, जो केसाहूनही पातळ असतो. हा थर क्षणभर तुटला तरी धातूवर धातू घासतो. बेअरिंग आपल्या जागेत फिरलं की क्रँक, कनेक्टिंग रॉड आणि कधी कधी ब्लॉकही हातचा जातो. म्हणून माझा आग्रह असा की खर्चाचा पहिला हिस्सा ऑइलच्या व्यवस्थेला द्यावा. कोकणात तर नक्कीच, कारण इथून घाटमाथ्यावर जायचं तर कुंभार्ली, आंबा, करूळ किंवा आंबोली चढावाच लागतो. खालचा गियर, टर्बोवर सतत जोर, वेग कमी असल्यामुळे वारा कमी आणि वळणामागून वळण.

आधी मोजा

कुठलाही भाग विकत घेण्याआधी ऑइल प्रेशर आणि ऑइल टेंपरेचर असे दोन गेज बसवा. डॅशबोर्डवरच्या लाल दिव्यावर विसंबू नका. प्रेशर जवळजवळ संपल्यावरच तो पेटतो, आणि भार असताना तो पेटला तर बहुतेक वेळा उशीर झालेला असतो. प्रेशरचा सेन्सर फिल्टरच्या नंतर, मेन गॅलरीवर म्हणजे ब्लॉकमधल्या ऑइलच्या मुख्य वाटेवर हवा. टेंपरेचरचा सेन्सर चेंबरमध्ये, म्हणजे इंजिनखालच्या ऑइलच्या भांड्यात लावा.

मग नेहमीच्या वेगाने घाट चढा आणि सोबत्याला आकडे टिपायला सांगा. गरम इंजिनला दर १००० आरपीएममागे साधारण १० पीएसआय हा जुना अंदाज आजही कामाचा आहे. अर्थात कंपनीच्या मॅन्युअलमधला आकडा त्याहून महत्त्वाचा. तापमान १०० ते १२० अंशांत असेल तर काळजी नाही. १३० च्या वर जाऊन तिथेच राहत असेल तर कूलर लागणार.

वळणात किंवा जोरात ब्रेक लावल्यावर प्रेशरचा काटा झटकन पडून परत आला, तर ती सगळ्यात महत्त्वाची खूण समजा. चेंबरमधून पंपाला ऑइल देणाऱ्या जाळीने त्या क्षणी ऑइलऐवजी हवा ओढलेली असते. मात्र ही परीक्षा घाटात मर्यादेला जाऊन घेऊ नका. समोरून एसटी येत असते. ती कोइंबतूरच्या कारी स्पीडवेसारख्या बंद ट्रॅकवर घ्या.

चेंबर उतरवा

गाडी १ जी, म्हणजे गुरुत्वाकर्षणाइतक्या जोराने वळत असेल तर चेंबरमधल्या ऑइलचा पृष्ठभाग ४५ अंशांनी कलतो. उजव्या वळणात ऑइल डावीकडे चढतं आणि मधली जाळी उघडी पडते. यावर उपाय म्हणजे चेंबरमध्ये आडव्या-उभ्या पट्ट्या, ज्यांना बॅफल म्हणतात. त्यांना एकाच बाजूने उघडणाऱ्या छोट्या झडपा असतील तर उत्तम, म्हणजे ऑइल जाळीकडे येतं पण परत निसटत नाही. क्रँकखाली विंडेज ट्रे बसवला की फिरता क्रँक ऑइल घुसळून फेस करत नाही.

इथे आपल्याकडची एक खास अडचण आहे. खाली घेतलेली गाडी, उंच गतिरोधक आणि वाडीतल्या वाटेवर वर आलेले जांभ्याचे दगड यामुळे चेंबरला पोचा येतो. गळती नाही म्हणून कुणी लक्ष देत नाही. पण जाळी आणि चेंबरचा तळ यांच्यात साधारण ६ ते १० मिमी फट लागते. पोच्याने ती २ मिमीवर आली की वरच्या आरपीएमला पंप उपाशी राहतो. चेंबर उतरवलंच आहे तर मॉडेलिंग क्लेच्या (मुलांच्या खेळण्यातल्या मऊ मातीच्या) गोळ्याने ही फट मोजा, आणि बसवताना खाली स्किड प्लेट लावा.

सीलंट लावणाऱ्याचा हातही पाहा. जाड थर लावला की आतल्या बाजूला पिळून आलेला सिलिकॉन सुटतो आणि जाळीत अडकतो. बारीक, अखंड रेघ पुरते.

ड्राय संपचा, म्हणजे ऑइल चेंबरऐवजी वेगळ्या टाकीत ठेवण्याचा मोह रस्त्यावरच्या गाडीसाठी टाळावा असं मला वाटतं. टाकी, जादा पंप, नळ्यांचं जाळं, आणि त्या प्रत्येक जोडावर खारा वारा. चांगलं बॅफल केलेलं चेंबर बहुतेकांना पुरतं.

बेअरिंगची फट, ऑइलचा ग्रेड आणि पंप

हे तीन निर्णय एकत्र घ्यायचे असतात, पण गॅरेजमध्ये ते तीन वेगळ्या दिवशी घेतले जातात. जर्नलच्या (क्रँकच्या बेअरिंगमध्ये फिरणाऱ्या भागाच्या) व्यासाच्या हजाराव्या भागाइतकी फट, म्हणजे ५० मिमीच्या जर्नलला ०.०५ मिमी, इथून सुरुवात करा. प्लास्टिगेजने, म्हणजे दाबून फट मोजायच्या मऊ प्लास्टिकच्या दोऱ्याने प्रत्येक बेअरिंग तपासा. लेथवाल्याने दिलेल्या मापावर काम भागवू नका. जास्त ताकदीसाठी फट थोडी वाढवली तर ऑइलही जाड लागेल. ०डब्ल्यू-२० या पातळ ऑइलवर चालणारं इंजिन तसंच ठेवून ताकद दुप्पट करू नका. उकाडा आणि घाट पाहता ५डब्ल्यू-४० किंवा १०डब्ल्यू-४० हा शहाणपणाचा पर्याय. गरम अवस्थेतल्या थराची ताकद दाखवणारा एचटीएचएस आकडा किमान ३.५ असलेलं ऑइल घ्या. पण ६० ग्रेडपर्यंत धावू नका, कारण आजकालच्या इंजिनात व्हॉल्व्ह टायमिंगही ऑइलच्या दाबावर चालतं.

मोठा पंप हा सगळ्यावर इलाज नाही. जाळी उघडी पडत असेल तर मोठा पंप चेंबर आणखी लवकर रिकामं करतो. क्रँकवर थेट बसणाऱ्या पंपाचे गियर मात्र वरच्या आरपीएमला तडकतात. तिथे पोलादी बिलेट (अखंड ठोकळ्यातून कोरलेले) गियर जरूर घाला.

कूलर आणि टर्बो

कूलर थर्मोस्टॅटसकटच घ्या. श्रावणातल्या धारांत बिनथर्मोस्टॅटच्या कूलरमुळे ऑइल ८० अंशही गाठत नाही आणि त्यातलं पाणी उडून जात नाही. किनाऱ्यालगत राहत असाल तर कूलरच्या पत्र्या अधूनमधून गोड्या पाण्याने धुवा, नाहीतर मीठ अ‍ॅल्युमिनियम खातं.

टर्बोला ऑइल देणारी नळी बारीक चालते, परतीची मात्र रुंद हवी, आतून साधारण १६ ते १९ मिमी. ती सरळ खाली उतरावी आणि चेंबरमधल्या ऑइलच्या पातळीच्या वर उघडावी. तिला पोट पडलं की टर्बोचे सील ऑइल सोडतात, सायलेन्सरमधून निळा धूर येतो आणि लोक चांगला टर्बो बदलत बसतात.

बूस्ट, म्हणजे टर्बोने दिलेला हवेचा दाब वाढला की पिस्टनजवळून खाली निसटणारा वायूही वाढतो. त्यासाठी ब्रीदरची (तो वायू बाहेर काढणारी) नळी मोठी करा आणि त्यातलं ऑइल अडवणारा डबा, म्हणजे कॅच कॅन लावा.

पहिली सुरुवात

फिल्टरमध्ये ऑइल भरून तो बसवा. स्पार्क प्लग काढा, फ्युएल पंपाचा फ्यूज काढा आणि गेजवर प्रेशर दिसेपर्यंत थांबत थांबत स्टार्टर फिरवा. त्याशिवाय इंजिन पेटवू नका. वीसेक मिनिटं चालवल्यावर ऑइल आणि फिल्टर बदला आणि जुना फिल्टर कापून कागद उलगडा. लोहचुंबकाला चिकटणारे कण पोलादाचे. तांबूस किंवा राखाडी चकाकी दिसली तर ते बेअरिंग आहे, इंजिन पुन्हा उघडा. ५०० किमीला हेच परत करा.

इंजिनातला मोठा बदल नोंदवावा लागतो. मोटार वाहन कायदा, १९८८ चं कलम ५२ त्याबद्दल आहे. काम सुरू करण्याआधीच आरटीओत विचारून घ्या.

पावसाळ्यात गाडी घर ते बाजार एवढीच फिरत असेल तर ऑइल फिलरच्या झाकणाखाली पिवळट साय धरते. हेड गॅस्केट गेलं असं समजून लगेच हेड उतरवू नका. आठवड्यातून एकदा इंजिन पुरतं तापेल अशी तासाभराची फेरी मारा. साय गेली तर ती दमट हवेची होती. राहिली आणि कूलंटही कमी होत असेल, तर मात्र प्रेशर टेस्ट करून घ्या.