बाजारातला कनेक्टिंग रॉड इंजिनात घालण्याआधी

रावेर-यावलकडे केळीच्या कापणीत ट्रॅक्टर बसला, की कंपनीच्या पार्टची वाट कोणी पाहत नाही. पिस्टनला क्रँकशी जोडणारा दुकानातला रॉड त्याच दिवशी माझ्या लेथवर येतो. तो घालण्याआधी एवढं करा.

अंगावरची रेघ पाहा. फोर्जिंगच्या, म्हणजे तापवून ठोकून घडवलेल्या रॉडला घासलेली रुंद पट्टी दिसते, ओतीव रॉडला बारीक रेघ. डिझेल इंजिनासाठी ओतीव असेल तर दुकानदाराला परत द्या.

मग दोरीला टांगून छोट्या हातोडीने टिचका मारा. आमचे मिस्त्री पोरांना म्हणत, "वाजाडीसन दख." नाद घुमला तर बरं, बद्द वाजला तर बाजूला ठेवा. पण बारीक चीर कानाला सापडत नाही. तिच्यासाठी चिरेत झिरपणाऱ्या लाल रंगाची (डाय पेनेट्रंट) चाचणी. रॉड धुऊन कोरडा करा, रंग मारा, १०-१५ मिनिटं थांबा. पुसताना क्लीनर फडक्यावर घ्या. थेट फवारलात तर चिरेतला रंगही धुऊन जातो. वर चिरेतला रंग बाहेर ओढणारा पांढरा डेव्हलपर. १० मिनिटांत लाल रेघ उमटली, की रॉड भंगारात. बोल्टची बैठक नीट पाहा, चीर बहुधा तिथूनच निघते. मे महिन्यात उन्हात तापलेल्या रॉडवर हे करू नका, रंग आत शिरण्याआधीच वाळतो.

सरळपणा डायल गेजवर, म्हणजे बारीक फरक दाखवणाऱ्या काट्याच्या मापकावर बघा. बोल्ट नवे घाला, टॉर्क देऊन, म्हणजे ठरलेल्या जोराने आवळून, मगच मोठ्या (क्रँककडच्या) टोकाची गोलाई मोजा.

यातून खराब रॉड सापडतो, ताकद कळत नाही. पिस्टन वर जाऊन परत फिरताना रॉड ताणला जातो आणि तो ताण आरपीएमच्या (मिनिटातल्या फेऱ्यांच्या) वर्गाने वाढतो. २२०० वर ४५० किलो असेल, तर गव्हर्नर (वेग आवरणारा भाग) छेडून ३००० केल्यावर ८३० च्या पुढे. म्हणून एकाच लॉटचे बरेच रॉड घेणार असाल तर एक जास्त घ्या आणि यूटीएम (ओढून ताकद मोजणारं मशीन) असलेल्या लॅबमध्ये तो तुटेपर्यंत ओढून बघा. मान बारीक होऊन राखाडी, तंतुमय तुटला तर पोलाद चिवट. चकचकीत दाणेदार, कडकन तुटला तर अख्खा लॉट परत. आणि अर्धवट ओढून न तुटलेला रॉड "वाया कशाला घालवायचा" म्हणून इंजिनात घालू नका.