जीपमागे ट्रॉली लावून संत्रा नेताना

संत्र्याच्या आंबिया बहाराचा तोडा सुरू आहे. ट्रॅक्टर रब्बीच्या कामात अडकला, म्हणून घरच्या जीपला छोटी ट्रॉली जोडून काटोल-नरखेडकडून नागपूरला कळमन्याच्या बाजारात निघणार असाल, तर आधी गाडीचं मॅन्युअल काढा. मागे किती वजन ओढता येतं, हे त्यात दिलेलं नसेल, तर त्या गाडीला ट्रॉली लावू नका. ट्रॉलीची आरटीओत वेगळी नोंदणी लागते, तीही करून घ्या.

सगळ्यात जास्त लक्ष द्या क्रेट रचण्याकडे. बैलबंडी भरताना ती उलाळ, म्हणजे मागे जड, होऊ नये, हे आपल्याला लहानपणापासून ठाऊक आहे. ट्रॉलीचंही तसंच. बंडी उलाळ झाली तर जू वर उचलतं. ट्रॉली उलाळ झाली तर जीपचं मागचं टोक वर ओढते, मागच्या चाकांची पकड सुटते आणि वेग वाढताच ट्रॉली डावी-उजवी झुलू लागते. वीस क्रेट असतील तर अकरा-बारा चाकांच्या पुढे ठेवा, बाकी मागे. जड क्रेट चाकांजवळ आणि तळाला. ट्रॉली व माल मिळून ६०० किलो होत असेल, तर हूकवर साधारण ६० किलो भार यायला हवा. सपाट जागी ट्रॉलीच्या चाकांना दगड लावून हूकखाली ठोकळे रचा आणि त्याखाली वजनकाटा ठेवून बघा. दहा मिनिटांचं काम आहे, पण ते टाळू नका.

पिनेला लॉक घाला. दोन्ही साखळ्या हूकखालून एकमेकींवरून तिरप्या घ्या. पिन निसटली तरी दांडी रस्त्यावर आपटत नाही. टायरची हवा, मागचे दिवे, रिफ्लेक्टर रोज बघा. पहाटेच्या धुक्यात मागच्याला तेवढंच दिसतं. चार-पाच किलोमीटरवर थांबून दोर परत आवळा.

छोट्या ट्रॉलीला बहुतेक वेळा स्वतःचे ब्रेक नसतात. सगळं वजन जीपलाच थांबवावं लागतं, म्हणून पुढच्या गाडीपासून नेहमीच्या दुप्पट अंतर ठेवा. उड्डाणपुलाच्या उताराला लागण्याआधीच खालचा गिअर टाका. ४०-४५ च्या वर जाऊ नका. ट्रॉली झुलू लागली तर जोरात ब्रेक मारू नका. अ‍ॅक्सिलरेटर सोडा, स्टिअरिंग सरळ धरा, गाडी आपोआप मंद होऊ द्या. मजुरांना ट्रॉलीत बसवू नका, अगदी गावापर्यंतही.

फवारणीची टाकी नेत असाल तर ती काठोकाठ भरलेली किंवा रिकामी न्या. अर्ध्या टाकीतलं पाणी ब्रेक लागताच पुढे धडकतं.

बाजारात पोचल्यावर माल उतरवायची घाई असते. हूक लगेच सोडू नका. चाकांना दगड लावा आणि मागचे क्रेट आधी उतरवा. पुढचे आधी काढले तर उभी ट्रॉलीसुद्धा उलाळ होते आणि दांडी वर उसळून जवळच्या माणसाला लागते.