स्पिन क्लास आणि पेडल: सायकलवाले हमखास करतात त्या चुका

पावसाळा लागला की पुण्या-मुंबईतले कितीतरी सायकलवाले घाट सोडून जिमच्या स्पिन क्लासला (जागच्या जागी चालवायच्या व्यायामाच्या सायकलवरचा क्लास) नाव घालतात. दम असतो, पायात ताकदही असते, तरी थोड्याच दिवसांत कुणाचा गुडघा कुरकुरतो, कुणाच्या पायाची बोटं बधिर होतात. मग बोल लागतो इन्स्ट्रक्टरला. बहुतेक वेळा घोळ असतो तो पेडल, क्लीट (बुटाच्या तळाला बोल्टने बसवायचा, पेडलमध्ये अडकणारा तुकडा) आणि बूट यांच्या जोडणीत.

आधी बूट, मग पेडल

सगळ्यात महाग पडणारी चूक हीच. रोड बाइकवर तीन बोल्टची क्लीट वापरणारा माणूस तेच बूट पिशवीत टाकून क्लासला जातो आणि ते पेडलमध्ये बसतच नाहीत. जिमच्या बाइकवर साधारणपणे दुहेरी पेडल असतं: एका बाजूला दोन बोल्टची क्लीट अडकवायची एसपीडी पद्धत, दुसऱ्या बाजूला साध्या बुटासाठी पट्ट्याचा पिंजरा. एसपीडी शिमानोने 1990 मध्ये माउंटन बाइकवाल्यांसाठी आणलं. त्याची क्लीट लहान असते आणि तळव्याच्या खाचेत दडते, त्यामुळे स्टुडिओच्या गुळगुळीत फरशीवर नीट चालता येतं. तीन बोल्टची क्लीट बाहेर आलेली असते; ती घालून ओल्या फरशीवर चालणं म्हणजे पडण्याला आमंत्रण. म्हणून आधी क्लासमध्ये जाऊन बाइकचं पेडल उलटसुलट करून बघा, हवं तर फोटो काढा, आणि मगच दुकानात जा. बूट घेतला म्हणजे क्लीट मिळालीच असंही नाही; ती पेडलच्या डब्यात येते किंवा वेगळी घ्यावी लागते.

तीन भोकं दिसली की कुठलीही तीन बोल्टची क्लीट चालते, हा आणखी एक गैरसमज. अमेरिकेत राहणाऱ्या मराठी घरांत पेलोटॉन ही घरी वापरायची स्पिन बाइक बऱ्यापैकी दिसते. तिचं पेडल लूक कंपनीच्या डेल्टा पद्धतीचं असतं. त्यात शिमानोची तीन बोल्टची एसपीडी-एसएल क्लीट बसत नाही आणि लूकचीच नवी केओसुद्धा बसत नाही. बूट तोच चालेल, क्लीट मात्र डेल्टाचीच हवी.

माझं मत विचाराल तर क्लास आणि रस्ता दोन्ही करणाऱ्याने सरळ दोन बोल्टचे बूट घ्यावेत आणि घरच्या सायकलला एसपीडी पेडल लावावं. शर्यतीत उतरणार नसाल तर काही बिघडत नाही.

पाय सोडवायची घाई

स्पिन बाइकला बहुधा फ्रीव्हील (पाय थांबले तरी चाक मोकळं फिरू देणारी सोय) नसतं. तुम्ही थांबलात तरी फ्लायव्हील, म्हणजे बाइकचं जड चाक, फिरत राहतं आणि पेडलही. रस्त्यावरच्या सवयीने मध्येच पाय थांबवला की गुडघ्याला झटका बसतो. आधी रेझिस्टन्सची (पेडल जड-हलकं करायची) नॉब खाली दाबून चाक पूर्ण थांबवा (काही बाइकवर दाबायच्या नॉबऐवजी दांडा असतो, तो आधी विचारून घ्या), मग टाच बाहेरच्या बाजूला वळवा. नवख्याने पेडलच्या स्प्रिंगचा ताण कमी ठेवावा. तो स्क्रू लहान ॲलन कीने फिरतो. दोन्ही पेडलला सारखेच क्लिक द्या.

टाच वळवूनही बूट सुटत नाही आणि पेडलवरच गरगर फिरतो, असं झालं तर समजा की क्लीटचा एक बोल्ट गळून पडलाय. ओढाताण करू नका. पाय बुटातून काढा, बूट पेडलवरच राहू द्या, मग सावकाश सोडवा. हे टाळायचं असेल तर क्लीट बसवताना बोल्टला थोडं ग्रीस लावा, 4 मिमीच्या ॲलन कीने 5 ते 6 न्यूटन मीटर इतकं आवळा आणि पहिल्या एक-दोन क्लासनंतर पुन्हा तपासा.

गुडघा काय सांगतोय ते न ऐकणं

दुखणं कुठे आहे यावरून बरंच कळतं. वाटीच्या पुढच्या बाजूला दुखत असेल तर सीट बहुधा खाली आहे. गुडघ्याच्या मागे ताण येत असेल तर ती वर गेली आहे. आतल्या किंवा बाहेरच्या कडेला टोचत असेल तर क्लीटचा कोन बघा. सीटचा सोपा अंदाज असा: टाच पेडलवर ठेवून पेडल तळाला न्या, पाय सरळ व्हायला हवा. मग चवडा ठेवला की गुडघ्यात आपोआप थोडा बाक येतो.

क्लीट चवड्याच्या खाली किंवा किंचित मागे असावी. ती बोटांकडे सरकली की पोटरी आणि टाचेमागची शीर ओढली जाते, बोटंही बधिर होतात. हलवण्याआधी पेनाने तिच्याभोवती रेघ मारा, एका वेळी दोन-तीन मिमीच सरकवा आणि एक क्लास करून बघा. घाम आणि उष्णतेने पाय फुगतात, त्यामुळे बुटाचा पट्टा अर्ध्यावर थोडा सैल करायलाही हरकत नाही.

मऊ तळव्याचे रनिंग शूज पिंजऱ्यात घालून जोर लावला की पेडलची कड तळव्याला टोचते. तसंच जायचं असेल तर लेस आत खोचा, नाहीतर ती क्रँकमध्ये (पेडलच्या दांड्यात) गुंडाळली जाते. आणि क्लीट नसताना नॉब जवळजवळ मोकळी सोडून 110 आरपीएमच्या (मिनिटाला पेडलच्या फेऱ्या) वर पळवू नका. कंबर सीटवर उडते आणि पाय निसटतो.

एक गोष्ट पेडलची नाही, पण सांगितलीच पाहिजे. पहिल्याच क्लासला जिवाच्या आकांताने पेडल मारल्यावर मांड्या सुजून प्रचंड दुखत असतील आणि लघवी कोऱ्या चहासारखी गडद होत असेल, तर घरी शेकत बसू नका, त्याच दिवशी दवाखान्यात जा. स्नायू फुटून मूत्रपिंडावर ताण येण्याचा हा प्रकार स्पिन क्लासनंतर डॉक्टरांनी नोंदवलेला आहे.

स्वतःचं पेडल लावताना

काही जिम आपलं पेडल लावू देतात. डाव्या पेडलचे आटे उलटे असतात, हे विसरून 15 मिमीच्या पान्यावर लटकणारे लोक दर हंगामात भेटतात. लक्षात ठेवायला सोपं: पान्याची मूठ वरच्या दिशेला ठेवा आणि मागच्या बाजूला, म्हणजे सीटकडे ढकला, दोन्ही पेडल असंच सुटतं. बसवताना सुरुवात हातानेच करा. दोन-तीन फेरे सहज गेले नाहीत तर काढून पुन्हा लावा, कारण आटे चुकीचे बसले की क्रँकच बदलावी लागते. क्लास संपल्यावर जिमचं पेडल परत लावून घट्ट आवळा. पुढच्या बॅचच्या माणसाच्या पायात साधे स्पोर्ट्स शूज असणार.