नियम पाळताना नजर कुठे जाते? स्वतःच्या मनातला परूशी कसा ओळखावा

आमच्या मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, एका रविवारी एक नवीन बाई आली. कपाळावर टिकली, हातात हिरव्या बांगड्या. दाराजवळच्या शेवटच्या बाकावर अंग चोरून बसली. गीत चालू होतं, पण माझं लक्ष तिच्या कपाळाकडे होतं. उपासना सुटल्यावर मी तिला गाठलं आणि अगदी मऊ आवाजात म्हणाले, "ताई, प्रभूच्या घरात येताना टिकली नको हं." तिने मान डोलावली. पुढचे दोन रविवार ती टिकली न लावता आली. मग आलीच नाही.

त्या पहिल्या रविवारी मी समाधानाने झोपले होते. प्रभूचं काहीतरी काम केलं असं मला वाटलं होतं. आपण चुकलो हे कळायला मला कितीतरी महिने लागले. ते इतरांना लवकर कळावं म्हणून हे लिहिते आहे.

आधी एक गोष्ट स्पष्ट करते. आज्ञा पाळणं म्हणजे नियमवाद नव्हे. रोज प्रार्थना करणं, दशमांश म्हणजे उत्पन्नाचा दहावा भाग देणं, उपास धरणं, दारूला न शिवणं यात काही वावगं नाही. पाळलेल्या नियमांच्या जोरावर मी देवापुढे उभी राहू शकते असं वाटू लागलं की ते स्वतःचं नीतिमत्त्व. आणि त्याच नियमांच्या मापाने मी दुसऱ्याला मोजू लागले की तो नियमवाद. दोन्ही सहसा एकाच घरात नांदतात.

पहिली पायरी : आठवडाभर नजर तपासा

लूकच्या शुभवर्तमानाच्या अठराव्या अध्यायात परूशी, म्हणजे नियमशास्त्र काटेकोर पाळणाऱ्या यहूदी पंथाचा माणूस, आणि जकातदार दोघेही मंदिरात प्रार्थनेला जातात. हा दाखला आपण संडेस्कूलपासून ऐकतो, म्हणून त्याची धार बोथट झाली आहे. येशूच्या श्रोत्यांच्या लेखी परूशी खलनायक नव्हता, तो गावातला सर्वांत आदरणीय माणूस होता. नियमशास्त्राने वर्षातून एकाच दिवशी, प्रायश्चित्ताच्या दिवशी, जिवाला दंडन, म्हणजे उपास, करायला सांगितलं होतं. हा आठवड्यातून दोनदा उपास करत होता. उलट जकातदार रोमी सत्तेसाठी आपल्याच लोकांना पिळणारा. परूश्याची प्रार्थना खोटीही नाही, तो जे सांगतो ते तो खरोखर करत असावा. पण देवाशी बोलता बोलता त्याची नजर बाजूला वळते : "ह्या जकातदारासारखा मी नाही."

जकातदार मात्र वर बघत नाही आणि बाजूलाही बघत नाही.

म्हणून एक लहान वही घ्या. आठवडाभर मनात "निदान मी तरी..." असं वाक्य सुरू झालं की ते लिहून ठेवा. निदान मी तरी वेळेवर येते. निदान माझी मुलं तरी बायबल वाचतात. कोणाला दाखवू नका, स्वतःला दोष देत बसू नका, फक्त लिहा. पहिल्या तीन दिवसांत माझं पान भरलं होतं.

दुसरी पायरी : नियमांची वर्गवारी करा

या पायरीला घाई करू नका. तुम्ही स्वतः पाळता आणि इतरांनी पाळावेत असं तुम्हाला वाटतं ते सगळे नियम कागदावर उतरवा. मग प्रत्येकासमोर लिहा : हा पवित्र शास्त्राने सांगितलेला, हा मंडळीच्या रिवाजाचा, की हा माझ्या घरातून आलेला?

आपल्याकडची यादी साधारण सारखीच निघते. टिकली आणि मंगळसूत्र चालतं का. दिवाळीत शेजारणीने दिलेला फराळ खावा का. प्रार्थनेत डोक्यावर पदर हवा का. सिनेमा, दागिने, उपासनेत टाळ्या. यांतल्या काहींवर शास्त्रात थेट वचन आहे, काहींवर तत्त्व आहे, आणि बऱ्याचशा गोष्टींवर फक्त आपल्या आजीचं मत आहे. आजीचं मत वाईट नसतं. पण ते मोशेला देवाच्या आज्ञा मिळाल्या त्या सीनाय पर्वतावरून आलेलं नसतं. मार्कच्या सातव्या अध्यायात येशूचा आक्षेप नेमका हाच आहे : माणसांचा संप्रदाय देवाच्या आज्ञेच्या जागी बसवला जातो आणि "कुर्बान", म्हणजे हे देवाला वाहिलं आहे, असं म्हणून आईबापांच्या हक्काचं त्यांच्यापासून काढून घेता येतं.

पंडिता रमाबाईंचं उदाहरण इथे मला फार जवळचं वाटतं. 29 सप्टेंबर 1883 रोजी इंग्लंडमधल्या वाँटेज इथे त्यांनी मुलीसह बाप्तिस्मा घेतला. त्यानंतरही त्या शाकाहारीच राहिल्या. ज्या सिस्टर जेराल्डीन त्यांच्या आत्मिक माता होत्या, त्यांना यात जातीचा अभिमान दिसला. रमाबाईंनी पत्रातून ठामपणे उत्तर दिलं. त्यांचा मुद्दा असा होता, की एखादी इंग्रज बाई हिंदुस्थानात राहायला आली आणि तिने आपल्या निरुपद्रवी सवयी सोडल्या नाहीत, तर तिला कोणी गर्विष्ठ म्हणेल का? सिस्टर वाईट नव्हत्या, त्यांचं रमाबाईंवर प्रेम होतं. तरीही आपल्या ताटातलं जेवण आणि ख्रिस्ताचं शिष्यत्व यांतली रेघ त्यांना दिसली नाही. मी त्या बाईच्या कपाळाकडे बघत होते तेव्हा मलाही ती दिसली नव्हती.

यरुशलेमेत पहिल्या मंडळीपुढे हाच प्रश्न आला होता. परराष्ट्रीय, म्हणजे यहूदी नसलेल्या, विश्वासणाऱ्यांची नियमशास्त्राप्रमाणे सुंता करायची का? प्रेषितांच्या कृत्यांच्या पंधराव्या अध्यायात प्रेषित पेत्र म्हणतो : जे ओझं आपल्या पूर्वजांना आणि आपल्यालाही वाहवलं नाही, ते यांच्या मानेवर घालू नये.

तिसरी पायरी : चुकल्यावर काय वाटतं ते पाहा

एखाद्या दिवशी वचन वाचायचं राहिलं. मनात काय येतं? "आज प्रभूशी बोलणं झालं नाही" याची हुरहुर, की "आता दिवसभर काहीतरी वाईट होणार" ही धास्ती? हुरहुर लेकराची असते, धास्ती चाकराची. रोमकरांस पत्राच्या आठव्या अध्यायात प्रेषित पौल हाच फरक सांगतो.

चौथी पायरी : कोणी परत आलं की स्वतःचे शब्द ऐका

दारू सोडून आलेला भाऊ साक्ष द्यायला उभा राहतो आणि मंडळी टाळ्या वाजवते. अशा वेळी येशूच्या दाखल्यातला, घर सोडून गेलेल्या आणि परत आलेल्या उधळ्या पुत्राचा थोरला भाऊ आठवा. तो काय म्हणतो? इतकी वर्षे मी तुमची चाकरी करतो आहे, पण मला तुम्ही कधी करडूही दिलं नाही. त्याने बापाच्या घरात राहून मजुरीचा हिशेब ठेवला होता. आणि तो "माझा भाऊ" म्हणत नाही, "हा तुमचा मुलगा" म्हणतो. सेवेची वर्षं मोजणं आणि नातं नाकारणं, या दोन खुणा स्वतःच्या बोलण्यात शोधा. मंडळीच्या कमिटीत बरीच वर्षं काम केलेल्यांनी ही पायरी मुळीच वगळू नये.

पाचवी पायरी : खोलीत कोण आल्यावर तुम्ही बदलता?

अंत्युखियात पेत्र परराष्ट्रीयांबरोबर जेवत होता. यरुशलेमेच्या मंडळीतल्या याकोबाकडची, सुंतेचा आग्रह धरणारी माणसं आली आणि तो हळूच मागे सरला. बर्णबासुद्धा त्याच्या मागे गेला. पौलाने सर्वांसमोर पेत्राला अडवलं. पेत्राचा सिद्धान्त बदलला नव्हता, तो फक्त घाबरला होता. आपलेही बरेच नियम देवाच्या भयाने नव्हे, पहिल्या बाकावरच्या चार लोकांच्या भीतीने चालतात.

सहावी पायरी : ही कसोटी फक्त स्वतःवर लावा

हे वाचताना तुमच्या डोळ्यांपुढे कोणी दुसरंच उभं राहिलं असेल, तर पुन्हा पहिल्या पायरीवर या. आपल्या भाषेत म्हण आहेच, दुसऱ्याच्या डोळ्यातलं कुसळ दिसतं, पण स्वतःच्या डोळ्यातलं मुसळ दिसत नाही. मराठी बायबलातही हेच दोन शब्द आहेत. आणि "आम्ही मोकळे आहोत, त्या जुनाट मंडळीसारखे नाही" ही परूश्याचीच प्रार्थना आहे, फक्त कपडे बदललेली. जो पदर घेतो त्याला हसू नका, जो घेत नाही त्याचा न्याय करू नका. रोमकरांचा चौदावा अध्याय दोघांनाही थांबवतो.

सातवी पायरी : भांडवल खाली ठेवा

फिलिप्पैकरांच्या तिसऱ्या अध्यायात पौल स्वतःची यादी देतो : आठव्या दिवशी सुंता, बन्यामिनाचा वंश, परूशी, नियमशास्त्राविषयी निर्दोष. मग म्हणतो, हे सगळं केरकचरा. तुम्हीही आपली यादी लिहा. ख्रिस्ती घराण्याच्या किती पिढ्या, कोणत्या वयात बाप्तिस्मा, किती वर्षं सेवा. ती वाचून दाखवा आणि त्यातलं काहीही तुम्हाला देवाजवळ नेत नाही हे प्रार्थनेत मोठ्याने कबूल करा. रमाबाईंनी पुढे आपल्या साक्षीत लिहिलं, की त्यांना ख्रिस्ती धर्म सापडला होता पण ख्रिस्त सापडला नव्हता. हे त्यांना बाप्तिस्म्यानंतर सुमारे आठ वर्षांनी उमगलं, त्यांच्यासारख्या विदुषीला. आपल्याला उशीर झाला म्हणून घाबरू नये.

शेवटची पायरी : त्या माणसाकडे जा

वहीत एखादं नाव वारंवार आलं असेल. त्या घरी जा. मी सात महिन्यांनी गेले. तिने चहा टाकला. मी म्हणाले, "ताई, मी तुम्हाला त्या दिवशी जे बोलले ते प्रभूने सांगितलेलं नव्हतं. ते माझं होतं. मला क्षमा करा." ती बराच वेळ कपाकडे बघत राहिली. म्हणाली, "मला वाटलं, तुमच्या देवाला मी आवडले नाही." ती आमच्या मंडळीत परत आली नाही. तिच्या गल्लीतल्या एका घरी बुधवारी प्रार्थना असते, तिथे जाते.

जाल तेव्हा एकटे जा. वचन दाखवायला बायबल काढू नका. "माझा हेतू चांगला होता" हे वाक्य घरीच ठेवा. आणि त्याच भेटीत त्यांना रविवारी उपासनेला बोलावू नका. चहा प्या, त्यांच्या मुलांची चौकशी करा, आणि त्यांनी काही सुनावलं तर ऐकून घ्या.